४,२९,४९,६७,२९५ : एका संख्येचे कूळ आणि तिचे शेजारी

धागाकर्ता : शेषफल

एका अहवालातील नोंदी मोजणाऱ्या रकान्यात, जिथे शून्य किंवा फार तर दोन-चार असा आकडा अपेक्षित होता, तिथे मला गेल्या आठवड्यात ४२९४९६७२९५ ही संख्या दिसली. चूक शोधायला अर्धा तास पुरला. कुठेतरी शून्यातून एक वजा झाला होता, आणि ऋण संख्या ठेवण्याची सोय नसलेल्या बत्तीस बिटांच्या जागेत उणे एक हा असाच दिसतो. चूक दुरुस्त झाली, पण संख्या मात्र डोक्यातून जाईना. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंचाण्णव. द्विमान पद्धतीत लिहिल्यास सलग बत्तीस वेळा १, म्हणजेच २^३२ − १ (^ हे चिन्ह मी घातासाठी वापरतो आहे).

तिचे अवयव पाडण्यासाठी संगणकाची गरज पडत नाही, शाळेतले वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र पुरते. २^३२ − १ म्हणजे (२^१६ − १) गुणिले (२^१६ + १). त्यातील पहिला कंस पुन्हा तसाच फुटतो, त्यातला पहिला कंस पुन्हा, आणि शेवटी हाती येते ते असे :

४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७

हे पाचही अवयव मूळ संख्या आहेत, आणि प्रत्येक अवयव २ च्या कुठल्यातरी घातापेक्षा एकने मोठा आहे. कोणताही अवयव दोनदा येत नसल्याने संख्या वर्गमुक्त आहे, आणि तिच्या विभाजकांची संख्या २^५, म्हणजे ३२ आहे.

माझा प्रश्न वर्गीकरणाचा आहे. संख्यांचे असंख्य वर्ग गणितज्ञांनी पाडून ठेवले आहेत. ही संख्या त्यांपैकी कोणकोणत्या वर्गांत बसते आणि कोणत्या वर्गांत बसता बसता राहते? माझ्या टिपणात मी आतापर्यंत ‘विषम, संयुक्त, वर्गमुक्त’ आणि ‘बत्तीस विभाजक असल्यामुळे बहुधा विपुल’ एवढेच लिहिले आहे.

प्रतिसाद : मितभाषी

टिपणातील शेवटचा शब्द खोडावा लागेल. विभाजक पुष्कळ असणे आणि संख्या विपुल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा जास्त भरली तर संख्या विपुल, तेवढीच भरली तर परिपूर्ण, आणि कमी पडली तर न्यून. वर्गमुक्त संख्येच्या सर्व विभाजकांची बेरीज काढणे सोपे असते, कारण प्रत्येक मूळ अवयवात एक मिळवून गुणाकार केला की झाले :

४ × ६ × १८ × २५८ × ६५५३८ = ७३०४६०३३२८

यातून आपली संख्या वजा केल्यास ३००९६३६०३३ उरतात, जे ४२९४९६७२९५ च्या बरेच खाली आहे. म्हणजे संख्या न्यून आहे, आणि तीही काठावरची नव्हे. सर्व विभाजकांची बेरीज संख्येच्या साधारण १.७००७ पट भरते, तर विपुल होण्यासाठी ती दुपटीच्या वर जायला हवी.

प्रतिसाद : दशमानद्वेष्टा

मितभाषींच्या हिशेबाला एक पुरवणी जोडतो, कारण इथे नुसत्या ‘न्यून’ या शिक्क्यापेक्षा बळकट विधान करता येते. ऑयलरचे फाय फलन घ्या, म्हणजे संख्येपेक्षा मोठ्या नसलेल्या आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या (१ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, याची मोजदाद. वर्गमुक्त संख्येसाठी प्रत्येक मूळ अवयवातून एक वजा करून गुणाकार करायचा :

२ × ४ × १६ × २५६ × ६५५३६ = २१४७४८३६४८

ही संख्या नेमकी २^३१ आहे, कारण १ + २ + ४ + ८ + १६ = ३१. म्हणजे आपल्या संख्येला न म्हटले, तर तिच्या फायची दुप्पट बरोबर न + १ भरते, आणि न भागिले फाय हे गुणोत्तर २ च्या अगदी किंचित खाली राहते.

आता ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ एवढेच मूळ अवयव असलेली कोणतीही संख्या घ्या, प्रत्येक अवयवाचा घात हवा तेवढा मोठा घ्या. तिच्या विभाजकांची बेरीज भागिले ती संख्या हे गुणोत्तर, (३/२) × (५/४) × (१७/१६) × (२५७/२५६) × (६५५३७/६५५३६) या गुणाकाराच्या नेहमी खालीच राहते, आणि हा गुणाकार म्हणजे वर सांगितलेले न भागिले फाय, जे २ पेक्षा कमी आहे. त्यामुळे या पाच अवयवांतून कितीही अवाढव्य विषम संख्या घडवली तरी ती कधीच विपुल होणार नाही आणि परिपूर्णही होणार नाही. तुलनेसाठी पाहा : सर्वांत लहान विषम विपुल संख्या ९४५ आहे, आणि तिला ३, ५ व ७ हे तीनच मूळ अवयव पुरतात. १७ ऐवजी ७ असण्याने एवढा फरक पडतो.

प्रतिसाद : अंकविनोदी

संख्येचे दशमान रूप कोणी पाहिलेच नाही, म्हणून मी पाहिले. अंकांची बेरीज ४ + २ + ९ + ४ + ९ + ६ + ७ + २ + ९ + ५ = ५७.

द. रा. कापरेकरांनी ज्यांना हर्षद संख्या म्हटले, त्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जातात. ५७ म्हणजे ३ × १९, आणि १९ हा आपल्या संख्येचा अवयव नाही, त्यामुळे ही संख्या हर्षद नाही. कापरेकरांचाच दुसरा वर्ग स्वयंभू संख्यांचा आहे. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या तयार करता येत नाही ती स्वयंभू, आणि तयार करता आली तर ज्या संख्येतून ती निघाली ती तिची जनक. जनक शोधायला मी बसलो. नऊने भागल्यावर उरणाऱ्या बाकीचा विचार केला तर जनकाच्या अंकांची बेरीज ६, १५, २४, ३३, ४२, ५१, ६०, ६९, ७८, ८७ यांपैकीच एक असू शकते. एकेक वजा करून पाहिले, तर बाकी सर्व ठिकाणी निराशा झाली आणि ५१ ला जुळले :

४२९४९६७२४४ + (४+२+९+४+९+६+७+२+४+४) = ४२९४९६७२४४ + ५१ = ४२९४९६७२९५

म्हणजे संख्या स्वयंभू नाही, तिला एक आणि एकच जनक आहे.

सर्वांत चुटपुट लावणारा प्रकार स्मिथ संख्येचा आहे. ज्या संयुक्त संख्येच्या अंकांची बेरीज तिच्या सर्व मूळ अवयवांच्या अंकांच्या बेरजेइतकी असते तिला स्मिथ संख्या म्हणतात. इथे अवयवांच्या अंकांची बेरीज ३ + ५ + (१+७) + (२+५+७) + (६+५+५+३+७) = ५६ येते, आणि संख्येची ५७. एकाने हुकली! मूळ प्रश्नातील ‘बसता बसता राहते’ याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

प्रतिसाद : दशमानद्वेष्टा

अंकविनोदींचे कष्ट मान्य आहेत, आणि जनक शोधण्याची रीत मला आवडली, तरी हे संख्येचे गुणधर्म आहेत असे मी म्हणणार नाही. ते तिच्या दशमान लेखनाचे गुणधर्म आहेत. आपल्या हाताला दहाऐवजी बारा बोटे असती तर ५६ आणि ५७ ही चुटपुटही लागली नसती. संख्या न्यून आहे, वर्गमुक्त आहे, तिचे फाय २^३१ आहे, ही विधाने कोणत्याही पायात, म्हणजे संख्या लिहिण्याच्या कोणत्याही पद्धतीत, खरी राहतात. वर्गीकरण करायचे तर अशाच गुणांवर करावे.

प्रतिसाद : अंकविनोदी

मग ‘सलग बत्तीस वेळा १’ हेही लेखनाचेच वैशिष्ट्य ठरते की! धागा ज्या गोष्टीमुळे निघाला तीच आपण बाद करता आहात. आणि हर्षद नसण्याबाबत सांगायचे, तर पाया बदलूनही पाहिले. पाया २ मध्ये अंकांची बेरीज ३२, पाया ४ मध्ये सोळा वेळा ३ म्हणजे ४८, पाया १६ मध्ये आठ वेळा १५ म्हणजे १२०. या सर्व बेरजा सम आहेत आणि संख्या विषम, त्यामुळे यांतील एकाही पायात ती हर्षद होऊ शकत नाही. निदान एवढे विधान तरी फक्त दहा बोटांवर अवलंबून नाही.

प्रतिसाद : चौरस

पायाच्या वादात न पडता वर्गांच्या बेरजांकडे वळतो, कारण तिथे या संख्येचे स्थान अगदी स्पष्ट आहे. शेवटचे तीन द्विमान अंक १११ असल्यामुळे ८ ने भागल्यास बाकी ७ उरते. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येत नाही, कारण ४ ने भागल्यास बाकी ३ उरणारी कोणतीच संख्या तशी लिहिता येत नाही. लेजांद्रच्या प्रमेयानुसार ८ ने भागल्यास ७ उरणारी संख्या तीन वर्गांची बेरीजही होऊ शकत नाही. लाग्रांजच्या प्रमेयानुसार चार वर्ग मात्र प्रत्येक संख्येला पुरतात. थोडक्यात, हिला चार वर्ग लागतातच.

त्रिकोणी संख्यांचा प्रश्न अधिक रंजक आहे. १, ३, ६, १०, १५ अशा क्रमातील एखादी संख्या आठपट करून त्यात १ मिळवला की नेहमी पूर्ण वर्ग मिळतो. आपल्या संख्येची आठपट अधिक १ म्हणजे २^३५ − ७. म्हणजे प्रश्न असा झाला की २ च्या घातातून ७ वजा केल्यावर पूर्ण वर्ग कधी मिळतो? रामानुजनांनी १९१३ मध्ये अंदाज मांडला होता की हे फक्त ३, ४, ५, ७ आणि १५ या पाच घातांसाठीच घडते, आणि नागेल यांनी १९४८ मध्ये ते सिद्ध केले. १५ चे उदाहरण पडताळून पाहण्याजोगे आहे : ३२७६८ − ७ = ३२७६१ = १८१ चा वर्ग, आणि त्यातून मिळणारी त्रिकोणी संख्या ४०९५, म्हणजे द्विमान पद्धतीत सलग बारा वेळा १. त्यानंतर सलग एकांनी बनलेली एकही संख्या त्रिकोणी नाही. ३५ हा घात त्या पाचांत नाही, तेव्हा वर्गमूळ काढण्याचे श्रमही वाचले.

प्रतिसाद : शेजारधर्म

मला संख्येपेक्षा तिचा शेजार अधिक आवडला. एकापाठोपाठ एक येणाऱ्या चार संख्या पाहा.

४२९४९६७२९४ म्हणजे २ × २१४७४८३६४७. यातील मोठा अवयव २^३१ − १ ही मर्सेन मूळ संख्या आहे, जिचे मूळत्व ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केले. ४२९४९६७२९५ ही आपली संख्या. ४२९४९६७२९६ म्हणजे २^३२, जिला २ खेरीज दुसरा मूळ अवयवच नाही आणि जिच्या स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षा बरोबर एकने कमी भरते. आणि ४२९४९६७२९७ म्हणजे २^३२ + १, जिने फर्माला तोंडघशी पाडले.

२ चा घात अधिक १, आणि तो घातही २ चाच घात, अशा संख्यांना फर्मा संख्या म्हणतात : ३, ५, १७, २५७, ६५५३७. या पाचही मूळ आहेत, आणि पुढच्याही सर्व मूळ असाव्यात असे १६४० च्या सुमारास फर्माला वाटत होते. पुढची, म्हणजे सहावी, ४२९४९६७२९७. ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले की ती ६४१ × ६७००४१७ आहे. ६४१ ने भाग जातो हे प्रत्यक्ष भागाकार न करताही पटवता येते. ६४१ = ५ × २^७ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५ × २^७ ची जागा −१ घेऊ शकतो. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची जागा १ घेतो. पण ६४१ = ५^४ + २^४ देखील आहे, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ घाला. मिळाले −२^३२ = १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. दोन ओळींत काम झाले.

आपली संख्या या सर्व प्रकाराच्या मधोमध बसली आहे. पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार हा सहाव्या फर्मा संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी असतो, आणि तो गुणाकार म्हणजेच आपली संख्या. हे नाते सर्वत्र टिकते : कितीही फर्मा संख्या क्रमाने घेऊन गुणल्या तरी पुढची फर्मा संख्या वजा दोन मिळते. त्यामुळे कोणत्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव असलाच तर तो २ असावा लागेल, आणि त्या विषम असल्याने तोही नाही. प्रत्येक फर्मा संख्येला नवा मूळ अवयव लागतो, म्हणून मूळ संख्या अनंत आहेत, हेही यातून मिळते. गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला लिहिलेल्या पत्रात हा युक्तिवाद आहे.

प्रतिसाद : परीघ

भूमितीचे नाव कोणीच काढले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण या संख्येची खरी प्रसिद्धी तिथे आहे. बाजूंची संख्या विषम असलेले जे सुसम बहुभुज फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढता येतात, त्यांतील माहीत असलेला सर्वांत मोठा बहुभुज ४२९४९६७२९५ बाजूंचा आहे.

गाउसने १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, १७ बाजूंचा सुसम बहुभुज रचता येतो हे दाखवले. विषम बाजूंच्या बाबतीत नियम असा की बाजूंची संख्या ही एक मूळ फर्मा संख्या किंवा वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असेल तर रचना जमते. याव्यतिरिक्त कधीच जमत नाही, ही दुसरी बाजू वान्ट्झेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केली. मूळ असलेल्या फर्मा संख्या आजवर पाचच सापडल्या आहेत. सहावीपासून पुढच्या सलग अठ्ठावीस संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, म्हणजे २^(२^५) + १ पासून २^(२^३२) + १ पर्यंत. म्हणून आपल्या संख्येचे १ सोडून उरलेले ३१ विभाजक हीच माहीत असलेल्या विषम बहुभुजांची पूर्ण यादी ठरते.

गुणाकारावर रचना का जमते, हे लहान उदाहरणात पाहावे. त्रिकोण आणि पंचकोन हाती असतील तर वर्तुळाचा एक तृतीयांश आणि दोन पंचमांश कंस हाती असतो. २/५ − १/३ = १/१५, म्हणजे पंधरा बाजूंच्या बहुभुजाची एक बाजू मिळाली. पुढे १७, २५७, ६५५३७ जोडत जायचे, तत्त्व हेच. ६५५३७ बाजूंच्या रचनेवर योहान हेर्मेस यांनी दहा वर्षे घालवली, आणि ते हस्तलिखित गटिंगेन येथे जपून ठेवले आहे.

प्रत्यक्षात आपला बहुभुज कसा दिसेल? पृथ्वीच्या विषुववृत्ताएवढे, म्हणजे सुमारे ४०,०७५ किलोमीटर परिघाचे वर्तुळ घेतले, तर प्रत्येक बाजू साधारण ९.३ मिलिमीटर येते. बोटाच्या नखाएवढी म्हणा. या सरळ बाजूचा मध्यबिंदू वर्तुळाच्या कंसापासून जेवढा आत जातो, ते अंतर मी काढले तर मीटरचे १.७ भागिले एक लाख कोटी एवढे आले. हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाशी तुलना केली तरी ते त्याच्या साठाव्या हिश्श्याच्या आसपास भरते. पृथ्वीएवढ्या आकृतीतही बहुभुज आणि वर्तुळ यांतला फरक अणूपेक्षा लहान, आणि तरीही बहुभुज काटेकोरपणे रचता येतो, तोही सांत पायऱ्यांत.

प्रतिसाद : शेषफल (धागाकर्ता)

‘विपुल’ खोडले आहे, मितभाषींचे आभार. परीघ यांच्या ३१ विभाजकांवरून एक शंका आली. मी सर्व ३२ विभाजक चढत्या क्रमाने लिहून काढले : १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... हीच यादी मी कुठेतरी वेगळ्या संदर्भात पाहिल्यासारखी वाटते. कोणाला आठवते का?

प्रतिसाद : मेरू

होय, ती पास्कलच्या त्रिकोणात दिसते, ज्याला आपण मेरुप्रस्तार या नावानेही ओळखतो आणि ज्यात कडांना १ व आतली प्रत्येक संख्या वरच्या दोन संख्यांची बेरीज असते. त्रिकोण लिहा, प्रत्येक विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० मांडा. ओळी अशा दिसतात :

१
११
१०१
११११
१०००१
११००११
१०१०१०१
११११११११

प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा : १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५. पुढची ओळ १०००००००१, म्हणजे २५७. ओळी शून्यापासून मोजल्या तर शून्यावी ते एकतिसावी अशा पहिल्या बत्तीस ओळी म्हणजे आपल्या संख्येचे बत्तीस विभाजक, क्रमाने आणि एकही न गळता. एकतिसाव्या ओळीत सर्वच संख्या विषम असतात, म्हणून तिथे बत्तीस वेळा १ येतो, आणि ती आपली संख्या.

यामागचे कारण लपलेले नाही. एका ओळीवरून पुढची ओळ काढणे म्हणजे (१ + क्ष) ने गुणणे, आणि फक्त सम-विषम पाहायचे असेल तर (१ + क्ष) चा वर्ग १ + क्ष^२, चौथा घात १ + क्ष^४, आठवा घात १ + क्ष^८ असे सरळ होत जाते. क्ष च्या जागी २ घातला की हेच ३, ५, १७, २५७, ६५५३७. ओळीचा क्रमांक द्विमान पद्धतीत लिहायचा, आणि ज्या ज्या स्थानी १ असेल त्या स्थानाची फर्मा संख्या गुणाकारात घ्यायची. पाचव्या ओळीसाठी ५ = १०१, म्हणून ३ × १७ = ५१. वर पडताळून पाहा, ११००११ म्हणजे ५१ च.

प्रतिसाद : दशमानद्वेष्टा

मेरू यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझे आधीचे विधान मागे घ्यावे लागत आहे, निदान अर्धे तरी. बत्तीस वेळा १ हे नुसते लेखनाचे वैशिष्ट्य आहे असे मी गृहीत धरले होते. पण त्या यादीतील प्रत्येक विभाजकाचे फाय काढून पाहा : १ चे १, ३ चे २, ५ चे ४, १५ चे ८, १७ चे १६, ५१ चे ३२, ८५ चे ६४, २५५ चे १२८, आणि असेच पुढे, शेवटी आपल्या संख्येचे २^३१. बत्तीस विभाजक आणि त्यांची फाय मूल्ये म्हणजे १ पासून २^३१ पर्यंतचे २ चे सर्व घात, प्रत्येक एकदाच.

गाउसचे एक जुने सूत्र आहे की कोणत्याही संख्येच्या सर्व विभाजकांच्या फाय मूल्यांची बेरीज ती संख्याच भरते. हे सूत्र पायावर अवलंबून नाही, बोटांवर तर नाहीच. आपल्या संख्येसाठी ते असे उलगडते :

१ + २ + ४ + ८ + ... + २^३१ = ४२९४९६७२९५

ही बेरीज म्हणजेच तिचे द्विमान रूप. त्यातील प्रत्येक १ मागे एक विभाजक उभा आहे. आपली संख्या छेदस्थानी असलेले ० ते १ मधील सर्व अपूर्णांक संक्षिप्त रूपात लिहून छेदांनुसार गटांत वाटले, तर गटांचे आकार १, २, ४, ८ असेच निघतील, आणि हे संख्या कशी लिहिली आहे यावर ठरत नाही. अंकविनोदींची हरकत योग्य होती.

दशमान रूपाबाबत मात्र मी ठाम आहे, आणि तिथेही तुलना करता येते. १ ला आपल्या संख्येने भागल्यास द्विमान पद्धतीत एकतीस शून्ये आणि एक १ हा बत्तीस अंकांचा गट पुन्हा पुन्हा येत राहतो. दशमान पद्धतीत तोच भागाकार केला तर दशांशचिन्हानंतरचा पहिला अंक सोडून ६५५३६ अंकांचा गट आवर्तित होतो. एका पायात संख्या घरात आहे, दुसऱ्यात परगावी.

प्रतिसाद : मितभाषी

यालाच जोडून : ज्याचे फाय २ चा घात आहे अशी विषम संख्या १, २, ४ पासून २^३१ पर्यंतच्या प्रत्येक घातासाठी बरोबर एक सापडते, आणि ती या बत्तीस विभाजकांपैकीच असते. २^३१ हे फाय असलेल्या एकूण ३३ संख्या आहेत, त्यांत आपली संख्या एकटी विषम. २^३२ हे फाय असलेल्या ३२ संख्या आहेत आणि सर्व सम. मूळ फर्मा संख्या आणखी एखादी सापडल्याखेरीज या जातीची पुढची विषम संख्या मिळणार नाही.

प्रतिसाद : अंकविनोदी

मग या संख्येला ‘फायची दुप्पट न + १’ या वर्गात टाकून मोकळे व्हावे का? ३, १५, २५५, ६५५३५ आणि ही, असा तो वर्ग दिसतो.

प्रतिसाद : दशमानद्वेष्टा

त्या वर्गात एक पाहुणा आहे, त्यामुळे नको. डी. एच. लेमर यांनी १९३२ मध्ये न − १ ला फायने निःशेष भाग जाईल अशी एखादी संयुक्त संख्या असते का, असा प्रश्न विचारला, आणि तशी एकही अजून सापडलेली नाही. न − १ ऐवजी न + १ घेतले की उत्तरे मिळतात, आणि त्यांत ८३६२३९३५ ही संख्या येते. तिचे अवयव ३ × ५ × १७ × ३५३ × ९२९, फाय ४१८११९६८, आणि त्याची दुप्पट ८३६२३९३६. अट तंतोतंत पाळली गेली, अवयवही पाचच, पहिले तीन तर आपल्याच संख्येचे. पण ३५२ मध्ये ११ हा अवयव आहे, म्हणून ३५३ ही फर्मा संख्या नाही, तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासाने निघत नाही, आणि विभाजकांच्या फाय मूल्यांत २ च्या घातांची रांगही लागत नाही. दोघींना एकाच खणात ठेवले तर परीघ आणि मेरू यांनी सांगितलेले सारे त्या खणाबाहेर राहील.

प्रतिसाद : शेषफल (धागाकर्ता)

पटले. टिपणात आता ‘विषम, वर्गमुक्त, न्यून, चार वर्गांची, त्रिकोणी नव्हे, पट्टी-कंपासाने रचता येणारी’ असे लिहिले आहे, आणि समासात ८३६२३९३५ ची नोंद वेगळी केली आहे. मेरू यांच्या त्रिकोणाची बत्तिसावी ओळही काढून पाहिली. दोन्ही टोकांना १ आणि मध्ये एकतीस शून्ये, म्हणजे ४२९४९६७२९७. तिचे फाय ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०, जे २^३२ पेक्षा ६७,०१,०५६ ने कमी आहे. रांग तिथे तुटते.